दर छाटणीला तोच नट गोल : दोष गंजाचा की गोटीचा?

तक्रार अशी आहे. तासगाव भागात आमची थोडी द्राक्षबाग आहे. औषध मारायला मिनी ट्रॅक्टर आणि त्याच्या मागं ब्लोअर, म्हणजे हवेच्या झोतानं औषध फवारणारं यंत्र. ऑक्टोबर छाटणी तोंडावर आली की ब्लोअर उतरवायचा, पंपाचा पट्टा, सील, डायफ्रॅम बघायचं, हे दर वर्षीचं ठरलेलं काम. आणि दर वर्षी पंपाच्या पायाचे तेच दोन १७ (मिलिमीटर) चे नट गोल व्हायचे, म्हणजे कोपरे झिजून पकडच बसायची नाही. पहिल्या वर्षी मी गंजाला शिव्या घातल्या. दुसऱ्या वर्षी नट नवे होते, तरी तेच झालं, मग ज्यानं नट दिले त्याला घातल्या. तिसऱ्या वर्षी गोटी, म्हणजे नटावर बसवून दांड्यानं फिरवायचा सॉकेट, सटकली, मूठ फ्रेमवर आपटली आणि चार बोटांची सालं निघाली. आता शिव्या घालायला फक्त मीच उरलो होतो.

बोटांना पट्टी बांधून तो नट आणि माझी गोटी घेऊन शेजारच्या आण्णांकडं गेलो. आण्णा किर्लोस्करवाडीला फिटर होते, रिटायर होऊन बरीच वर्षं झाली. त्यांच्या हत्यारांच्या पेटीला कुलूप असतं आणि पेटीतलं काही घराबाहेर जात नाही. काम असेल तर कामच त्यांच्या अंगणात न्यायचं. त्यांनी नट बघितला, गोटी बघितली आणि विचारलं, "मोजलीस का?" मी म्हटलं, "आण्णा, त्यावर १७ लिहिलंय की." ते म्हणाले, "लिहायला काय जातंय. व्हर्नियर आण कपाटातला." व्हर्नियर म्हणजे बारीक माप घ्यायचं हत्यार.

गोटीचं तोंड भरलं १७.६. नट गंजून, झिजून १६.५. वर गोटी बारा कोपऱ्यांची. आण्णांनी व्हर्नियर पुसून डबीत ठेवला आणि चहा सांगितला. निदान तिथंच झालं होतं, मला समजायला मात्र संध्याकाळ लागली.

समजलं ते असं. नटाच्या एका सपाट बाजूपासून समोरच्या सपाट बाजूपर्यंत १७ मिलिमीटर असेल, तर कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत १९.६ च्या आसपास भरतं. म्हणजे सपाट बाजूच्या मापापेक्षा कोपरा प्रत्येक बाजूला जेमतेम १.३ मिलिमीटर बाहेर आलेला असतो. गोटी नटाला फिरवते ती एवढ्याशा लोखंडाच्या जीवावर. नट नवा असेल आणि गोटी नीट मापाची असेल, तर त्यातली सव्वा मिलिमीटर पकड हाती लागते. माझ्या जोडीत ती पाऊण मिलिमीटरच्याही खाली आली होती. तेवढ्यावर मी दोन फुटी पाईप लावून लटकत होतो.

१० च्या नटाचं गणित याहून नाजूक आहे. तिथं कोपरा बाजूला फक्त पाऊण मिलिमीटर बाहेर असतो. मोटारसायकलवर सगळ्यात जास्त गोल होणारे नट-बोल्ट १० चेच का असतात, याचं हे उत्तर. शिवाय ते बारीक असतात म्हणून जो तो त्यांना हातात येईल त्या पान्यानं छळतो.

आता गंजाचं. गंज निर्दोष आहे असं मी म्हणत नाही. आमच्याकडं तर त्याला मोरचुदाची, म्हणजे निळ्या कॉपर सल्फेटची, साथ आहे. बोर्डो मिश्रण (मोरचूद आणि चुन्याचं बुरशीनाशक) करताना मोरचूद लोखंडी भांड्यात कालवू नये हे बागायतदाराला सांगावं लागत नाही. लोखंड विरघळतं आणि त्याच्यावर तांबूस थर बसतो. तोच प्रकार ब्लोअरच्या नट-बोल्टांवर सीझनभर थेंबाथेंबानं चालू असतो. फवारणीनंतर टाकी धुतो, नोझल धुतो, पंपाच्या पायावर पाणी कोण मारतंय? पाटण, महाबळेश्वरकडं पावसानं जे होतं ते आमच्याकडं कोरड्या रानात औषधानं होतं. कृष्णाकाठच्या गावांत तर २०१९ आणि २०२१ च्या पुरात बुडालेल्या गाड्यांचे नट अजून मिस्त्र्यांना घाम फोडतात. पण गंजलेला नट आणि मापाची सहा कोपऱ्यांची गोटी ही लढत बहुतेक वेळा गोटी जिंकते. गंजलेला नट आणि ढिली बारा कोपऱ्यांची गोटी म्हटलं की पैज लावायलाही कोणी तयार होणार नाही.

सहा आणि बारा कोपरे हा फरक मला आधी निव्वळ चवीचा वाटायचा. बारा कोपऱ्यांची गोटी दर तीस अंशांवर बसते, म्हणून अडचणीच्या जागी बसवायला सोपी. पण ती नटाला कोपऱ्याच्या अगदी टोकाशी धरते. सहा कोपऱ्यांची साठ अंशांवर बसते आणि कोपऱ्यापासून थोडं आत, सपाट बाजूवर जास्त टेकते. चांगल्या कंपन्या आतल्या भिंतींना किंचित गोलाई देतात, म्हणजे दाब टोकावर न येता सपाटीवर येतो. गोटीत डोकावून बघितलं की हे नुसत्या डोळ्यांना दिसतं. कोपरे टोकदार न राहता खोलगट, गोलसर घेतलेले असतात. नव्या, स्वच्छ नटाला काहीही चालतं. जुन्या यंत्राला सहाच कोपरे घ्यायचे.

आता दुसरं कारण, आमच्या भागात हे फार चालतं. माप चुकीचं असतं आणि कळत नाही.

आमचा मिनी ट्रॅक्टर जपानी घडणीचा. त्यावर १०, १२, १४, १७ ही मापं. ब्लोअरची फ्रेम इथल्याच फॅब्रिकेशनवाल्यानं बांधलेली, तिच्यावर बाजारातले बोल्ट, म्हणजे १३, १७, १९. आठ मिलिमीटर आट्याचाच बोल्ट एकीकडं १२ ची गोटी मागतो, दुसरीकडं १३ ची. दहा मिलिमीटरच्या बोल्टाला तर १४, १६, १७ अशी तीन डोकी सापडतात. अंधारात, घाईत १२ च्या बोल्टावर १३ ची गोटी बसते. बसते म्हणून माणूस जोर लावतो.

आणि घरात जुनी मॅसी (मॅसी फर्ग्युसन ट्रॅक्टर) असेल तर कहाणी सुतांत जाते. जुन्या मॅसीवर, जुन्या जीपवर इंची बोल्ट भरपूर. आण्णा अजून सुतातच बोलतात, आठ सुतांचा इंच. अर्ध्या इंचाचं म्हणजे चार सुती डोकं १२.७ भरतं, त्यावर १३ ची गोटी ढिली जाते. साडेचार सुती १४.३ भरतं, त्यावर १४ जात नाही आणि १५ खुळखुळते. साडेपाच सुती १७.५ च्या जवळ, तिथंही १७ जात नाही, १८ ढिली. मात्र पाच सुतीवर १६ आणि सहा सुतीवर १९ जवळजवळ बरोबर बसते. या दोन मापांमुळं सगळ्यांचा गैरसमज होतो की मिलिमीटरच्या गोट्यांनी मॅसी उघडते. उघडते की, दोन ठिकाणी. मॅसी किंवा जुनी बुलेट घरात असेल तर इंची गोट्यांचा वेगळा छोटा संच घ्या. बुलेटवाल्यांनी आधी आपल्या मॉडेलला कुठली मापं लागतात ते बघावं, कारण जुन्या लोखंडी इंजिनात विलायती विटवर्थ मापंही निघतात आणि ती या दोन्ही पद्धतींत बसत नाहीत.

मग घ्यायचं काय? माझी चूक सांगतो. मी ऑनलाइन सेलमध्ये ४६ नगांची पेटी घेतली होती. पाव इंची रॅचेट (एकाच दिशेला पकडणारा खटक्याचा दांडा), गोट्या, बिटं, सगळं प्लास्टिकच्या खाचांत ओळीनं झोपलेलं. पेटी उघडून बघायला फार छान वाटते. पण त्या ४६ मधली निम्म्याहून जास्त बारीक बिटं आणि ४, ४.५, ५ च्या गोट्या, ज्यांचे नट आमच्या वाड्यात एकाही वस्तूवर नाहीत. १७ आणि १९ तिच्यात नव्हत्याच, त्या मी वेगळ्या, आणखी स्वस्तातल्या घेतल्या. पेटीतली १० ची गोटी आठ महिन्यांत चिरली.

माझा आताचा हिशेब उलटा आहे. आधी कागद घेऊन ट्रॅक्टरभोवती फिरलो आणि कुठल्या मापाचे किती नट आहेत ते लिहून काढलं. १०, १२, १३, १४, १७, १९ एवढ्या सहा मापांत जवळजवळ सगळं काम बसलं. या सहा गोट्या सुट्या, चांगल्या प्रतीच्या, सहा कोपऱ्यांच्या घेतल्या. ८, ११, १६, २२, २४ वर्षातून एखाद्या वेळी लागतात, त्या साध्या घेतल्या तरी चालल्या. मोठ्या पेटीच्या किमतीत हे सगळं बसतं, वर एक दांडा येतो.

दांड्यावरून आठवलं. अमेरिकेतली स्नॅप-ऑन कंपनी १९२० साली सुरू झाली ती याच कल्पनेवर. तेव्हा गोटी दांड्याला जोडलेलीच यायची, प्रत्येक मापाचा वेगळा दांडा. यांनी पाच दांडे आणि दहा सुट्या गोट्या विकायला काढल्या आणि पाच जण पन्नासांचं काम करतात अशी जाहिरात केली. शंभर वर्षांनी आपण परत शंभर नगांच्या पेटीकडं आलो, याची मला गंमत वाटते.

गोटीच्या मागच्या चौकोनी भोकाचं माप कोणतं घ्यायचं हा प्रश्न हमखास येतो. मोटारसायकल आणि स्कूटर एवढंच असेल तर तीन सुती. ट्रॅक्टर, जीप, चाकाचे नट असतील तर अर्धा इंची. पाव इंची बारीक कामाला, डॅशबोर्ड, कार्ब्युरेटर वगैरे. मी अर्धा इंची घेतला आणि १० च्या बोल्टापुरता तीन सुती छोटा दांडा ठेवला, कारण अर्धा इंची लांब दांड्यानं १० चा बोल्ट आवळायला गेलं की हाताला अंदाजच राहत नाही.

रॅचेटवर पैसे घालण्याआधी एक साधा दांडा घ्या, हिंज हँडल किंवा सरकता टी. अडलेला नट पहिल्यांदा हलवायचा तो दांड्यानं. रॅचेटच्या आत छोटासा खटका असतो, नट फोडायचं काम त्याचं नव्हे. नट हलला की मग रॅचेटनं कटकट करत काढा. रॅचेट घेताना दाते विचारा. २४ दात्यांची रॅचेट दर १५ अंशांना पकडते, ७२ दात्यांची दर ५ अंशांना. ट्रॅक्टरच्या इंजिनाशेजारी हात हलवायला चार बोटं जागा असते तेव्हा हा फरक कळतो, उघड्यावरच्या कामाला कळत नाही.

दुकानात कसं बघायचं? मी खिशात दोन नवे बोल्ट घेऊन जातो, एक १० चा आणि एक १७ चा, डोक्यावर ८.८ हा ताकदीचा आकडा कोरलेले. गोटी बोल्टावर ठेवायची आणि बोटांनी डावी-उजवीकडं हलवायची. हलणं किंचित असावं, खुळखुळा होऊ नये. दुकानदाराला हरकत नसेल तर व्हर्नियर लावायचा. १७ ची चांगली गोटी १७.०५ ते १७.३० च्या मध्ये असते. १७.५ दिसलं की परत ठेवायची. मग तोंडाची कड बघायची. बोल्ट सहज आत जावा म्हणून कडेला आतून उतार दिलेला असतो आणि स्वस्त गोट्यांत तो दोन-तीन मिलिमीटर खोल असतो. डोकं पातळ असलेल्या बोल्टावर त्या उतारातच सगळी उंची संपते आणि पकड उरतच नाही. अशी गोटी आधीच घरात असेल तर ग्राइंडरवर तोंड सपाट घासून घ्या, पण घासताना सारखी पाण्यात बुडवत राहा. निळी पडली की तिचं पाणी, म्हणजे पोलादाला दिलेला कडकपणा, उतरलं म्हणून समजा.

क्रोम व्हॅनेडियम हा शब्द गोटीवर कोरलेला असतो. तो बघून मी एके काळी खूश व्हायचो. पोलादाचा प्रकार आणि त्याला दिलेलं पाणी या वेगळ्या गोष्टी आहेत, आणि कोरणाऱ्याला दोन्हींपैकी एकाचीही हमी द्यावी लागत नाही. त्यापेक्षा ओळखीच्या कंपनीचा माल घ्यावा. टपारियाची हत्यारं १९६९ पासून नाशिकला बनतात, आमच्याकडं पक्कड म्हटली की तेच नाव तोंडात येतं. जालंधर, लुधियानाकडून येणाऱ्या मालात दोन-चार जुनी, चांगली नावं आहेत आणि बिननावाचा ढीगही आहे. सांगलीत गणपती पेठेत फिरलात तर एकाच काउंटरवर तिन्ही प्रती मिळतील. दुकानदाराला "स्वस्तातला कुठला" असं विचारू नका, "मिस्त्री लोक कुठला नेतात" असं विचारा. बिल मागा. नावाजलेल्या नावाची नक्कल सर्रास मिळते आणि बिल मागितलं की नकलेचा माल आपोआप काउंटरखाली जातो.

काळ्या गोट्यांबद्दल एवढंच. हवेच्या किंवा बॅटरीच्या इम्पॅक्ट गनवर चकचकीत क्रोमची गोटी लावू नका. ती कडक असते, ठोक्यानं फुटून तुकडा उडू शकतो. गनसाठी जाड भिंतीच्या काळ्या, क्रोम मॉलीच्या गोट्या येतात. त्या हातानंही वापरता येतात, फक्त जाडीमुळं अडचणीत शिरत नाहीत. आणि क्रोमचा पापुद्रा सुटलेली गोटी फेकून द्या, तो पापुद्रा पात्यासारखा कापतो.

पान्यांचं थोडक्यात. उघड्या तोंडाचा पाना नटाला दोनच बाजूंनी धरतो आणि जोर आला की त्याचा जबडा उघडतो. अडलेल्या नटावर तो लावायचाच नाही, तो सुटलेला नट फिरवायला. नट सोडवायला रिंग पाना. एकाच मापाचा एका टोकाला रिंग आणि दुसऱ्या टोकाला उघडं तोंड असा जो पाना येतो तो पैशाला सगळ्यात परवडतो. गोटी शिरत नाही तिथं रिंग शिरते, म्हणून १०, १३, १७ चे रिंग पाने गोट्यांच्या आधी घेतले तरी चूक नाही. स्क्रू पान्याबद्दल मी काही बोलणार नाही, आमच्या घरातल्यानं जेवढे नट गोल केले तेवढे गंजानं केले नसतील. आणि भंगारवाल्याकडं अधूनमधून चक्कर मारा. जुने घडीव पाने, काळे पडलेले, कुणाच्या तरी नावाची अक्षरं छन्नीनं कोरलेले, किलोच्या भावानं मिळतात. तोंड पसरलेलं नाही एवढं बघून उचला. माझा १९-२२ चा तसाच आलाय.

मोटारसायकलवाल्यांसाठी आणखी एक. प्लस स्क्रूची फुली खराब होते तीही याच जातीची अडचण. जपानी घडणीच्या गाड्यांवरचे प्लस स्क्रू आणि बाजारातला नेहमीचा प्लस ड्रायव्हर दिसायला सारखे, पण नेहमीच्या ड्रायव्हरचं टोक जपानी फुलीत पूर्ण बसत नाही. जोर दिला की वर सरकतं आणि फुली खाऊन टाकतं. जपानी मापाचा ड्रायव्हर वेगळा मिळतो, स्क्रूच्या डोक्यावर एका कोपऱ्यात बारीक ठिपका असेल तर तो त्याच जातीचा. इंजिनाच्या कव्हरचे स्क्रू तर हातोडीनं ठोकायच्या इम्पॅक्ट ड्रायव्हरनंच काढा. ठोक्याबरोबर तो फुलीत घट्ट बसतो आणि त्याच क्षणी फिरतो. स्वस्त हत्यारांत एवढं कामाचं दुसरं नाही.

हे सगळं ऐकून मी आण्णांना विचारलं, "म्हणजे आता गोटी बदलली की झालं?" ते म्हणाले, "आवळताना काय करतोस ते सांग." मी सांगितलं, पाईप लावून आवळतो. त्यांनी कपाळाला हात लावला.

हिशेब साधा आहे. दहा मिलिमीटरच्या ८.८ बोल्टाला पाच किलो-मीटरच्या (किलोतला जोर गुणिले मीटरमधली दांड्याची लांबी) आसपास पीळ, म्हणजे टॉर्क, पुरतो. पाव मीटर लांब दांड्याच्या टोकाला २० किलोचा जोर म्हणजे पाच किलो-मीटर. मीटरभर पाईप लावला की तेवढंच काम पाच किलोत होतं आणि मी तर त्यावर अंग टाकत होतो. सहा मिलिमीटरच्या बोल्टाला, म्हणजे १० च्या डोक्याला, एकच किलो-मीटर लागतो, पाव मीटरच्या दांड्यावर चार किलो. तेवढ्यासाठी मनगट पुरतं, खांदा लागत नाही. ज्या बोल्टावर काहीच कोरलेलं नाही तो बहुधा मऊ, ४.६ च्या जातीचा. त्याला ८.८ च्या निम्म्याहून कमी पीळ सोसतो. असा बोल्ट एका वर्षी मी ताणून आवळला की आटे ओढले जातात, डोक्याचे कोपरे दबतात आणि पुढच्या छाटणीला तो गोल होतो. मोजून आवळायचा टॉर्क पाना आता मी घेतलाय, इंजिनाच्या कामापुरता. फ्रेमच्या नटांना आखूड दांडा एवढंच पथ्य.

ज्यांचा नट आधीच गोल झालाय त्यांना एवढं वाचून काय उपयोग, म्हणून आता तेही. आधी तारेच्या ब्रशनं आटे साफ करा, गंज सोडवणारं तेल मारून रात्रभर ठेवा. नुसतं डब्ल्यूडी-४० मारून पाच मिनिटांत चमत्कार मागू नका, ते मुळात पाणी हटवायला बनवलेलं द्रव आहे, मुरणारं तेल वेगळं मिळतं. गिअर-स्टिअरिंगचं पातळ तेल, म्हणजे एटीएफ, आणि अॅसिटोन निम्मं-निम्मं हे मिश्रण गॅरेजवाले वापरतात, चांगलं मुरतं, पण ते पेट घेतं, तेव्हा विडीवाल्याला लांब बसवा आणि नंतर नट तापवणार असाल तर आधी पूर्ण पुसून वाळू द्या. सकाळी बोल्टाच्या डोक्यावर हातोडीचे सरळ दोन-चार ठोके द्या, गंजाची पकड त्यानं तडकते. मग एका मापानं लहान सहा कोपऱ्यांची गोटी ठोकून बसवा. १७ गोल झाला असेल तर १६, १४ ला १३. १० ला ९ जात नसेल तर तीन सुती, ती ९.५ भरते. या कामाला जुनी स्वस्त गोटी वापरा, माझी ४६ वाली पेटी आता याच नोकरीवर आहे. पहिल्यांदा किंचित आवळायच्या दिशेनं, मग उलटं. आणि सोडायची दिशा नक्की आहे ना हेही बघा. जुन्या जीपच्या डाव्या चाकांना उलटे आटे असायचे, लोकांनी तिथं पाईप मोडलेत.

तरीही नाही निघालं तर लॉकिंग पक्कड. तेही नाही तर डोक्यावर दुसरा नट ठेवून आतून वेल्डिंग. वेल्डिंगच्या उष्णतेनं गंज सुटतो आणि धरायला नवं डोकं मिळतं, आमचा एक असाच निघाला. वेल्डिंगआधी बॅटरीचे दोन्ही टर्मिनल काढा आणि डिझेलची टाकी जवळ असेल तर ते काम तिथं करूच नका. छन्नी लावून नट कापणं हे शेवटचं, आणि छन्नी लावताना डोळ्यांवर चष्मा हवा. गोल झालेला नट निघाला की परत लावायचा नाही. आमच्याकडं पुष्कळांना "चालतंय की" म्हणून तोच लावायची सवय आहे, मलाही होती.

ब्लोअरच्या पायाला मी आता स्टेनलेसचे बोल्ट घातलेत. मोरचूद त्यांना खात नाही. पण स्टेनलेसवर स्टेनलेस कोरडं आवळलं की आटे एकमेकांत चिकटून बसतात, म्हणून आट्यांना ग्रीस लावूनच बसवायचे, आणि ग्रीस असल्यामुळं पीळ आणखी थोडा कमी द्यायचा. फवारणी झाली की टाकीबरोबर पंपाच्या पायावरही पाणी मारतो. दोन मिनिटांचं काम आहे.

या दसऱ्याआधी ब्लोअर उतरवला तेव्हा पंपाचे दोन्ही नट आखूड दांड्यानं, आवाज न करता सुटले. टाकीच्या आतल्या बाजूला एक तिसरा आहे, जुनाच, १७ चा. तिथं गोटी शिरत नाही आणि माझा रिंग पाना मानेपाशी फ्रेमला अडतो. त्याला सरळ मानेचा पातळ रिंग पाना लागतो. आण्णांच्या पेटीत तो आहे. परवा मागायला गेलो, तर म्हणाले, "पाना बाहेर जायचा नाही. ट्रॅक्टर घेऊन ये इकडं."